मोहरीवर मावा दरवर्षी का परततो? औषध बदलण्याआधी काय तपासायचं

डिसेंबर संपत आला की भंडारा-गोंदियाकडून एकाच धर्तीचे निरोप सुरू होतात. मोहरीच्या शेंड्याचा फोटो, शेंड्यावर माव्याची, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीची, हिरवट-राखाडी दाटी, आणि खाली एक ओळ: दोनदा मारलं, जात नाही, आता कोणतं मारू?

कोणतं मारू, हा प्रश्न मी शेवटी घेतो. आधी विचारतो, पेरणी कोणत्या तारखेची? उत्तर बहुतेक वेळा नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचं असतं. धान कापून, बांधी (धानाचं बांध घातलेलं शेत) वाळायची वाट बघून, मग मोहरी टाकलेली. इथेच अर्धं निदान झालं. उशिरा पेरलेल्या मोहरीतला मावा हा औषधापेक्षा तारखेचा प्रश्न आहे, आणि दुकानातून नवी बाटली आणून तारीख बदलत नाही. पण मोहरीवर दिसणारं प्रत्येक नुकसान माव्याचं नसतं, म्हणून सुरुवात पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यापासून करू.

रोप लहान असताना

पेरणीपासून तीन-चार आठवड्यांत पानांना भोकं पडली, कडा कुरतडल्या गेल्या, कधी नुसत्या शिरा उरल्या, तर पहिला संशय काळ्या अळीवर घ्या. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत तिचं नाव सॉफ्लाय. ही खरं तर गांधीलमाशी-मधमाशीच्या गणातल्या माशीची अळी आहे. माशी नारिंगी-पिवळ्या अंगाची, काळ्या डोक्याची, धुरकट पंखांची. पानाच्या कडेच्या आत अंडी घालते. अळी हिरवट काळी. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर शेतात जा, कारण भर दुपारी ती मातीत नाहीतर पानाखाली लपलेली असते आणि माणूस अळी नाहीच म्हणून परत येतो.

ओळखायची सोपी खूण: बोट लावलं की अंग वळवून टपकन खाली पडते आणि मेल्याचं सोंग घेते. आणखी खात्री हवी असेल तर भिंग घेऊन पोटाखालचे मांसल पाय मोजा. काळ्या अळीला ते आठ जोड्या असतात. पतंगाच्या अळीला जास्तीत जास्त पाच.

पाय मोजणं हा रिकामटेकडा उद्योग वाटेल, पण पैसे इथेच वाचतात. अळी दिसली म्हणून बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिसची पावडर आणून मारणारे पुष्कळ आहेत. बाजारात मिळणारं नेहमीचं बीटी पतंगवर्गीय अळ्यांवर चालतं. ही माशीची अळी आहे, तिला त्याचं काही होत नाही. मग जैविक औषधात दम नाही असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वर्षी जिथे ते खरंच चाललं असतं तिथेही कोणी वापरत नाही.

रोपामागे एक-दोन अळ्या सरसकट दिसू लागल्या तरच हालचाल करा. ओलिताची सोय असेल तर पहिलं पाणी थोडं अलीकडे घ्या, जमिनीवरच्या बऱ्याच अळ्या बुडून मरतात. तुकडा लहान असेल तर सकाळी रोपं हलवून अळ्या गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकणं हा जुना उपाय अजूनही चोख आहे. त्यानेही आवरलं नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर लेबलवर मोहरीचं नाव असलेलं स्पर्शजन्य कीटकनाशक, संध्याकाळी, अळी पानावर असताना. भर दुपारची फवारणी रिकाम्या पानावर पडते.

दुसरा संशयित रंगीत ढेकूण. काळ्या अंगावर नारिंगी आणि पांढुरके ठिपके, आकाराने लहान, चालायला चपळ. हा पान खात नाही, रस शोषतो. त्यामुळे भोक पडत नाही. पानावर पांढरट ठिपके उमटतात, मग पान फिकट पडून कोमेजतं, आणि दोन-चार पानांचं रोप जागेवर वाळतं. ओलावा असूनही ओळीच्या ओळी वाळताना दिसल्या तर रोपाच्या बुडाशी माती थोडी उकरून बघा. हा अंडी मातीत घालतो आणि स्वतःही ढेकळांच्या आडोशाला बसतो. कोरडी, उबदार सुरुवात असलेल्या वर्षी तो जास्त त्रास देतो. यावर सगळ्यात स्वस्त इलाज पेरणीच्या आधीचा: इमिडाक्लोप्रिड ७० डब्ल्यूएसची बीजप्रक्रिया, पाकिटावर दिलेल्या मात्रेत. एकरी बियाणं दोनेक किलो लागतं, खर्च किरकोळ. उगवण झाल्यावर पानांवर मारण्यापेक्षा हे बरं. पहिलं पाणी वेळेवर दिल्यानेही ढेकूण कमी होतो.

बाकीच्यांवर फार वेळ घालवत नाही. पानावर पांढरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी. खालच्या पानांपुरती असते, फवारणीची गरज नाही. पानाचा हिरवा भाग खरवडून काचेसारखा पातळ पापुद्रा उरला आणि हात लावताच हिरवी बारीक अळी वळवळत धाग्याला लटकली, तर तो कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. बीटी इथे मारा, इथे ते चालतं. शेजारी कोबी-फुलकोबीचा मळा असेल तर हा हमखास येणार.

कॅनडाचे व्हिडिओ बघून

मोबाईलवर कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या कॅनोलाचे व्हिडिओ फिरतात आणि त्यावरून शंका येतात. कॅनोला मोहरीच्याच कुळातला, त्यामुळे किडीही नात्यातल्या आहेत. पण तिथली खरी डोकेदुखी वेगळी. कॅनडाच्या प्रेअरी भागात उगवत्या कॅनोलावर पिसवासारखे उड्या मारणारे बारीक भुंगेरे येतात, त्यांना फ्ली बीटल म्हणतात. बीजदलांवर छर्रे झाडल्यासारखी बारीक भोकं पडतात. पानांचा साधारण २५ टक्के भाग गेला आणि भुंगेरे अजून खात असतील तर तिथे फवारणीचा निर्णय घेतात, आणि बियाणं मुळातच कीटकनाशक लावून विकलं जातं. युरोपीय संघाने २०१३ पासून मधमाशांच्या काळजीपोटी इमिडाक्लोप्रिडच्या गटातल्या तीन औषधांच्या बीजप्रक्रियेवर अशा पिकांत निर्बंध आणले, आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्यांचा वापरच थांबवला. तिथले शेतकरी तेव्हापासून भुंगेऱ्यांशी झगडताहेत. ऑस्ट्रेलियात त्याच अवस्थेत लाल पायांचा कोळी रोपं पांढरी करतो.

आपल्याकडे विदर्भात मोहरीवर फ्ली बीटल क्वचित दिसतो, त्यासाठी वेगळी तयारी नको. पंजाबातल्या जीएससी ७ सारख्या कॅनोला दर्जाच्या गोभी सरसोंचं बियाणं मागवून इथे लावायचा विचार असेल तर सबुरी. ते पीक तिकडे पाच महिने शेतात उभं असतं. आपला हिवाळा तेवढा टिकत नाही, आणि पीक जितकं लांबेल तितकं माव्याला रान मोकळं.

आता मावा

मावा बाहेरून उडत येतो. पंखवाल्या माद्या धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेच्या झाडांवर उतरतात आणि थेट पिल्लं घालतात. अंडी घालणं, नर शोधणं ही भानगडच नाही. पिल्लू थंड-ढगाळ हवेत आठ-दहा दिवसांत वयात येतं आणि स्वतः पिल्लं घालू लागतं. वीस अंशांच्या खालचं तापमान, हवेत दमटपणा, दोन-तीन दिवस ढग, आणि झाडावर कोवळा फुलोरा, हे सगळं एकत्र आलं की आठवड्यात चित्र पालटतं. आपल्याकडे हा योग डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जुळतो.

आता तारखांचं गणित मांडा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेली मोहरी डिसेंबरच्या सुरुवातीला फुलते आणि माव्याची खरी गर्दी होईपर्यंत तिच्या शेंगा भरत आलेल्या असतात. शेंगेची साल निबर झाली की माव्याची सोंड तिथे फारसं काही साधत नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली मोहरी मात्र नेमकी जानेवारीत, ढगाळ हवेत, कोवळी फुलं घेऊन उभी असते. दोन्ही शेतांत जात तीच, खत तेच, औषध तेच. एकात मावा आला आणि गेला, दुसऱ्यात शेंडे वाळले.

धानाच्या पट्ट्यात यावर काय करता येईल? लवकर येणारं धान मोहरीच्या बांधीत ठेवा, जड धान दुसरीकडे. हे जूनमध्ये ठरवावं लागतं, डिसेंबरमध्ये नाही. धान कापल्यावर मशागतीत दिवस घालवण्यापेक्षा ओलाव्यावर लगेच पेरता आलं तर बघा. जात निवडताना विदर्भासाठी दिलेली, कमी दिवसांत येणारी घ्या. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलेली टीएएम १०८-१ हे एक उदाहरण. आणि पेरणी दहा नोव्हेंबरच्या पुढे जाणार असेल तर मी तरी मोहरी टाकू नका असंच सांगतो. लाखोळी आहे, जवस आहे, हरभरा आहे.

युरियाचाही हात आहे. उशिरा पेरलं म्हणून वाढ भरून काढायला जादा युरिया टाकतात. झाड हिरवंगार, लुसलुशीत होतं, आणि माव्याला तेच हवं असतं.

मोजायचं कसं

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा शेतात फिरा. आधी कडेची झाडं बघा, कारण मावा तिथून आत सरकतो. कडेच्या दोन-चार झाडांचेच शेंडे भरलेले असतील तर ते शेंडे अलगद खुडा, पिशवीत घाला, शेताबाहेर नेऊन पुरा. खुडून तिथेच टाकले तर मावा चालत शेजारच्या झाडावर जातो. या एका कामाने फवारणी आठ-पंधरा दिवस पुढे ढकलता येते, आणि कधी कधी लागतच नाही.

मग आत शिरून वेगवेगळ्या ठिकाणची झाडं घ्या. मधल्या शेंड्याचा वरचा दहा सेंटीमीटर भाग, साधारण अर्धी वीत, पांढऱ्या कागदावर झटका आणि मोजा. सरासरी पंचविसाच्या आसपास मावा निघाला तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. उत्तरेकडच्या काही शिफारशींत हा आकडा याहून वर आहे, तेव्हा पंचविसाखाली असताना घाबरून पंप उचलायचं कारण नाही.

मोजताना आणखी एक गोष्ट बघाच. दाटीत काही मावा फुगलेला, गोल, तांबूस-तपकिरी, चकचकीत आणि न हलणारा दिसेल. भिंगाखाली त्याच्या पाठीवर सुई टोचल्यासारखं नेमकं गोल भोक दिसलं, तर त्यातून परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडून गेली आहे. भोक नसेल तर ती अजून आत आहे. जवळच मावा खाणारे लालसर, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे, त्यांच्या करड्या मगरीसारख्या अळ्या, आणि सिरफिड माशीच्या बिनपायाच्या हिरवट अळ्या असतात. या अळ्यांनाच कीड समजून अनेकजण औषध मारतात. शेंड्यावर असे फुगलेले मावे बऱ्यापैकी दिसत असतील आणि ऊन स्वच्छ असेल तर चार-पाच दिवस थांबून पुन्हा मोजा. आकडा उतरत असेल तर काम त्यांच्यावर सोडा.

मारलं तरी का जात नाही

जिथे दोन-तीन फवारण्या होऊनही मावा तसाच राहतो तिथे चौकशी केली की बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं. फुलोऱ्यातल्या मोहरीला एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे पंधरा लिटरचे तेरा पंप. प्रत्यक्षात सहा-सात पंपांत एकर उरकला जातो. मावा शेंड्याच्या गुच्छात, कळ्यांच्या मध्ये, एकावर एक बसलेला. वरच्या थरावर थेंब पडतो, खालचा थर सुखरूप. चौथ्या दिवशी तो पुन्हा वर येतो आणि औषध बोगस होतं म्हणून बोंब उठते. नोझल शेंड्याकडे बाजूने धरा, पाणी पूर्ण घ्या, चिकटद्रव्य घाला.

दुसरं कारण पंपातली खिचडी. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत, सगळं एका पाण्यात. काय कशाशी फाटलं ते कळत नाही. माव्यासाठी मारताय तर माव्याचंच मारा.

तिसरं, पहिल्याच फवारणीला सायपरमेथ्रिनसारख्या औषधाची जोडी मारली जाते. ती मावा मारते तशी ढालकिडे आणि सिरफिडही साफ करते. मावा कडेवरून पुन्हा येतो, त्याला खाणारं कोणी उरत नाही, आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी येते.

चौथं, औषध बदललं असं वाटतं पण बदललेलं नसतं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही तिन्ही एकाच गटातली. बाटलीचा रंग वेगळा, काम करायची जागा तीच. बीजप्रक्रिया इमिडाक्लोप्रिडची केली असेल तर माव्यासाठी पहिली फवारणी दुसऱ्या गटातली घ्या.

तर, कोणतं मारू? पातळी गाठायच्या आधी, मावा नुकता दिसतोय तेव्हा, पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळी भरडून रात्रभर भिजत घाला, गाळा, शंभर लिटर करा, थोडा साबणचुरा घाला. हवेत दमटपणा असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी, दहा लिटरला ५० ग्रॅम, संध्याकाळी; त्यासोबत बुरशीनाशक नको, कारण ही स्वतःच बुरशी आहे. कोरड्या, कडक उन्हात तिच्यावर पैसे घालवू नका. पातळी ओलांडली असेल तर डायमिथोएट ३० टक्के, दहा लिटरला १३ मिली, किंवा थायामेथोक्झाम २५ डब्ल्यूजी, हेक्टरी ५० ते १०० ग्रॅम. एकदा मारल्यावर पाच-सहा दिवसांनी पुन्हा मोजा आणि मगच दुसरीचा विचार करा. मोहरीचा पाला भाजीला तोडत असाल तर त्या तुकड्यावर ही रासायनिक औषधं मारूच नका. बाटलीवर मोहरी आणि मावा ही दोन्ही नावं छापलेली आहेत का तेही दुकानातच वाचून घ्या. कृषी सेवा केंद्रात पक्कं बिल मागायला लाजू नका; उद्या काही झालं तर तेवढाच कागद हातात असतो.

शेंगा भरून निबर झाल्यावर शेंड्याच्या टोकाला मावा दिसला म्हणून मारणं म्हणजे निव्वळ खर्च. त्या वेळी शेंडाच कापून टाकलेला परवडतो.

मधमाश्या आणि माणूस

मोहरी फुलली की आग्या आणि सातेरी दोन्ही शेतात असतात, आणि दाणे भरण्यात त्यांचा वाटा आहे. सकाळी दहा ते दुपारी तीन ही त्यांची गर्दीची वेळ. फवारणी चारच्या पुढेच. शेजारी कोणी मधपेट्या ठेवल्या असतील तर आदल्या दिवशी सांगा, तो पेट्यांची दारं बंद ठेवेल.

फुलोऱ्यात मोहरी छातीपर्यंत, कधी डोक्याएवढी होते. अशा पिकात पंप घेऊन चालताना फवारा तोंडावरच येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हाही डोक्याच्या वर गेलेल्या झाडांचा मुद्दा पुढे आला होता. वारा जिकडून येतो तिकडे पाठ करा, मागे सरकत मारा, तोंडाला नुसता रुमाल न बांधता मास्क, चष्मा आणि हातमोजे घाला. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की काम सोडून दवाखाना गाठा आणि डबा सोबत न्या, डॉक्टरला आधी तोच लागतो.

मावा नसताना मावा वाटतो तेव्हा

पानं चिकट आणि वर काळपट थर, ही माव्याच्या साखरेवर वाढलेली बुरशी. मावा आवरला की थांबते, तिच्यासाठी वेगळं काही मारू नका. पण वरची कोवळी पानं पिवळी आणि वाटीसारखी वळलेली असतील, उलटी करून बघितल्यावर एकही कीड नसेल, तर ती बहुधा गंधकाची कमतरता. पानावर पिठासारखा पांढरा थर बोटाने पुसला जात असेल तर भुरी. पानाखाली पांढरे फोड, फुलांचा दांडा जाडजूड आणि वेडावाकडा झाला असेल तर पांढरा तांबेरा. तपकिरी, एकात एक गोल कड्यांचे डाग म्हणजे करपा. या चारही ठिकाणी कीटकनाशक वाया जातं, आणि मी पाहिलेल्या फोटोंपैकी बरेचसे याच चौघांचे निघतात. म्हणून फोटो काढताना पानाची खालची बाजू आणि पूर्ण झाड, असे दोन तरी काढा. नुसता पिवळा शेंडा बघून कोणीच नीट सांगू शकत नाही.

कापणीनंतर

रंगीत ढेकूण परत येतो तो आता, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि या फेरीत कोणाचं लक्ष नसतं. पिकत्या शेंगांतून रस शोषतो, दाणा सुरकुततो, वजन आणि तेल दोन्ही उतरतात. कापलेल्या मोहरीचे ढीग खळ्यावर पंधरा-पंधरा दिवस पडून राहिले तर तिथेही त्याचं काम चालू असतं. ढीग हलवताना खाली ठिपकेवाल्या किड्यांची पळापळ दिसली तर समजा तोच. वाळली की लगेच मळून घ्या, ढिगावर औषध मारायच्या भानगडीत पडू नका, तो दाणा घाणीवर जाणार आहे. मळणी झाल्यावर धुऱ्यावर आपोआप उगवलेली मोहरी, रानमुळा उपटून टाका आणि उन्हाळ्यात ती बांधी खोल नांगरून घ्या, म्हणजे मातीतली ढेकणाची अंडी आणि काळ्या अळीचे कोष उन्हात उघडे पडतील.